लाईट गेली की प्रॉक्सी का हरवतात? डॉक्ट्रिनचे तयार क्लास आणि डिप्लॉयमेंट

आधी मला आलेला प्रश्न थोडक्यात मांडतो. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं ऑर्डर आणि चलनाचं अ‍ॅप्लिकेशन आहे. पीएचपीत लिहिलेलं, डेटाबेससाठी डॉक्ट्रिन ओआरएम २ (टेबलातल्या नोंदी पीएचपीच्या क्लासमधून हाताळू देणारी लायब्ररी), सिम्फनी वगैरे फ्रेमवर्क नाही. सर्व्हर कारखान्याच्या ऑफिसातच ठेवलेला. लाईट गेली, यूपीएसही संपला आणि सर्व्हर पुन्हा चालू झाला की ऑर्डरचं पान उघडत नाही. लॉगमध्ये 'ग्राहक' एंटिटीची (म्हणजे ग्राहकाच्या टेबलासाठी लिहिलेल्या क्लासची) प्रॉक्सी फाईल सापडली नाही अशी ओळ दिसते. प्रॉक्सी म्हणजे काय ते पुढे येईलच. हाताने कमांड मारून प्रॉक्सी परत तयार केल्या की सगळं चालू. शेवटी वैतागून ऑटो-जनरेटचं (प्रॉक्सी आपोआप बनवण्याचं) सेटिंग 'ट्रू' केलं, तेव्हापासून त्रास नाही. आता विचारणं असं, की हे असंच राहू द्यावं, की प्रॉक्सी फायली गिटमध्येच, म्हणजे कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या साठ्यात, टाकून मोकळं व्हावं?

दोन्ही करू नकोस. प्रॉक्सी हा तुझ्या कोडचाच एक भाग आहे. तो एकदा, एकाच ठिकाणी, रिलीज (सर्व्हरवर चढवायची नवी आवृत्ती) बांधताना तयार व्हायला हवा आणि त्या रिलीजबरोबरच सर्व्हरवर जायला हवा. चालू अ‍ॅप्लिकेशनने स्वतःसाठी कोड लिहीत बसू नये. हे पटलं की पुढच्या बहुतेक अडचणी सुटतात. पण नुसतं 'असं कर' म्हणून भागणार नाही, म्हणून आत काय चालतं ते सांगतो.

ऑर्डर डेटाबेसमधून आणलीस की तिच्यासोबत ग्राहकाचा फक्त आयडी येतो. ग्राहकाचं नाव, पत्ता, फोन यांची गरज पडेलच असं नाही. म्हणून डॉक्ट्रिन खऱ्या ग्राहकाच्या जागी एक तोतया उभा करतं. हा तोतया म्हणजे तुझ्या ग्राहक क्लासवरून काढलेला दुसरा क्लास. त्याच्या प्रत्येक पब्लिक मेथडच्या सुरुवातीला एक तपासणी असते: मी डेटाबेसमधून भरलो आहे का? नसेन तर आधी भरून घेतो, मग मूळ मेथड चालवतो. फक्त आयडी विचारलास तर तो भरत नाही, कारण आयडी त्याच्याकडे आधीच असतो. हा तोतया क्लास तू लिहिलेला नाहीस. डॉक्ट्रिनने तुझ्या एंटिटीकडे बघून तो पीएचपी फाईल म्हणून लिहून काढला आहे. 'प्रॉक्सी जनरेट करणं' म्हणतात ते एवढंच.

सोलापूरच्या माणसाला हे जकार्डच्या मागावरून चटकन समजेल. चादरीवरचा नमुना आधी आलेख कागदावर काढतात, त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडतात, ती कार्डं माळेत ओवून मागावर चढवतात. माग चालू झाला की तो फक्त कार्डाप्रमाणे धागे उचलतो. माग चालू असताना कुणी शेजारी बसून कार्डाला भोकं पाडत नाही. आणि नमुना बदलला पण माळ जुनीच राहिली, तर माग थांबत नाही, तो बिनबोभाट चुकीची चादर विणत राहतो. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेव, त्यावर पुढे बरंच बोलायचं आहे.

आता तुझी नेमकी अडचण. डॉक्ट्रिनचं कॉन्फिगरेशन त्याच्या तयार सेटअप फंक्शनने बनवताना प्रॉक्सी कुठे ठेवायच्या ते सांगितलं नाही, तर ते सिस्टिमचं टेम्प फोल्डर धरून चालतं. तुझ्या सर्व्हरवर नेमकं हेच झालं आहे. तू कमांड मारलीस, फायली टेम्पमध्ये पडल्या, सगळं चाललं. लाईट गेली, सर्व्हर रीबूट झाला, टेम्प रिकामं झालं, फायली गेल्या. ऑटो-जनरेट बंद असल्यामुळे डॉक्ट्रिनने नवीन बनवल्या नाहीत, फक्त उघडायचा प्रयत्न केला आणि पडलं. तेव्हा लाईटला दोष देऊ नकोस. रीबूट न करता महिनाभर चालवलं असतंस तरी कधीतरी हे झालंच असतं, कारण बऱ्याच लिनक्स सर्व्हरवर टेम्पमधल्या जुन्या फायली ठराविक दिवसांनी आपोआप साफ होतात.

टेम्पचे आणखी दोन धोके आहेत. एक म्हणजे प्रॉक्सी फाईलचं नाव एंटिटीच्या पूर्ण नावावरून ठरतं. त्याच सर्व्हरवर तुझं दुसरं एखादं अ‍ॅप्लिकेशन असेल, समजा कामगारांच्या हजेरीचं, आणि त्यातही त्याच नेमस्पेसमध्ये (क्लासच्या नावाआधीच्या गटनावात) 'युजर' नावाची एंटिटी असेल, तर दोघांच्या प्रॉक्सी फाईलचं नाव एकच होतं. मग शेवटी ज्याने लिहिली त्याची फाईल दोघांच्या गळ्यात. दुसरं म्हणजे काही लिनक्स वितरणांत पीएचपी-एफपीएमच्या (वेब सर्व्हरसाठी पीएचपी चालवणाऱ्या) सर्व्हिसला स्वतःचं वेगळं, खाजगी टेम्प दिलेलं असतं. तू टर्मिनलवर कमांड मारून टेम्पमध्ये डोळ्यांनी फायली बघतोस, पण वेब सर्व्हरला त्या दिसतच नाहीत. या गोंधळात माझा एक अख्खा दिवस गेला आहे.

म्हणून पहिलं काम: प्रॉक्सीसाठी प्रोजेक्टच्या आतलंच एक फोल्डर ठरव आणि त्याचा पूर्ण मार्ग दे. 'इथून आत व्हार नावाचं फोल्डर, त्यात प्रॉक्सी' असा सापेक्ष मार्ग देऊ नकोस. वेबवरून चालताना तो बरोबर लागेल, पण रात्रीचा स्टॉक रिपोर्ट क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या सोयीतून) चालतो तेव्हा चालू फोल्डर वेगळं असतं आणि तिथे तो भलतीकडे बोट दाखवतो. कॉन्फिगरेशनची फाईल ज्या फोल्डरमध्ये आहे तिथून मोजून मार्ग तयार कर, म्हणजे कुठूनही चालवलं तरी चालेल.

आता ऑटो-जनरेट 'ट्रू' ठेवण्याबद्दल. या सेटिंगला आकड्यांनी पाच रूपं आहेत. ० म्हणजे कधीच बनवू नको. १ म्हणजे नेहमी बनव. २ म्हणजे फाईल नसेल तरच बनव. ३ म्हणजे फाईल न लिहिता मेमरीतच बनवून चालव. ४ म्हणजे फाईल नसेल किंवा एंटिटीची फाईल तिच्यापेक्षा नवी असेल तर बनव. 'ट्रू' म्हणजे १. याचा अर्थ, प्रत्येक रिक्वेस्टमध्ये जी प्रॉक्सी पहिल्यांदा लागेल ती पुन्हा नव्याने बनवली जाते आणि डिस्कवर लिहिली जाते. डेव्हलपमेंटच्या लॅपटॉपवर हे उत्तम, कारण तू एंटिटी सतत बदलत असतोस. कारखान्यात मात्र सकाळी पाळी सुरू होताना दहा-बारा जण एकदम चलन काढायला बसतात, तेव्हा प्रत्येकाच्या रिक्वेस्टमागे तीच फाईल परत परत लिहिली जाते. डॉक्ट्रिन ती आधी वेगळ्या नावाने लिहून मग जागेवर सरकवतं, त्यामुळे अर्धवट फाईल सहसा कुणाच्या हाती लागत नाही. पण मेहनत फुकटच, आणि ओपीकॅशचा (तयार केलेला पीएचपी कोड मेमरीत साठवण्याचा) फायदाही वाया.

त्याहून गंभीर गोष्ट परवानगीची आहे. वेब सर्व्हरला फायली लिहिता याव्यात म्हणून ते फोल्डर त्याच्यासाठी खुलं करावं लागतं. बहुतेक जण ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी, मारून मोकळे होतात. आता विचार कर: वेब प्रक्रियेला जिथे लिहिता येतं, तिथलीच पीएचपी फाईल तुझं अ‍ॅप्लिकेशन उचलून चालवतं. तुझ्याच अ‍ॅपमध्ये टॉवेलच्या डिझाइनचे फोटो अपलोड करायची सोय आहे. त्या अपलोडमध्ये उद्या एखादं भोक निघालं आणि कुणी फाईलच्या मार्गात खोडी केली, तर ते थेट कोड चालवण्यापर्यंत पोचू शकतात. 'आमचा सर्व्हर कारखान्याच्या आतच आहे' हे मला सांगू नकोस. मालक घरून मोबाइलवर रिपोर्ट बघतात, म्हणजे तो बाहेर उघडा आहेच.

मग रूप २, 'नसेल तर बनव', हे मधलं वाटतं ना? बऱ्याच जणांचा ओढा त्याच्याकडे असतो. माझाही होता. त्याचीच हकीगत सांगतो.

१ जुलै २०१७ला जीएसटी लागू झाला. त्याआधीचे आठ दिवस आम्ही सगळेच रात्री जागत होतो. चाटी गल्लीतल्या एका चादर व्यापाऱ्याचं बिलिंग माझ्याकडे होतं. ग्राहक एंटिटीत जीएसटी क्रमांकाचं नवीन फील्ड आणि तो देणारी मेथड घातली, डेटाबेसमध्ये रकाना वाढवला, लॅपटॉपवर चाचणी केली, ३० जूनच्या रात्री डिप्लॉय केलं. सकाळी फोन आला: काही बिलांवर जीएसटी क्रमांक येतो, काहींवर जागा कोरी. त्याच ग्राहकाचं मोठ्या कागदावरचं बिल बरोबर, काउंटरवरच्या छोट्या प्रिंटरचं कोरं. डेटाबेसमध्ये क्रमांक व्यवस्थित होता. लॉगमध्ये एकही एरर नाही. माझ्या लॅपटॉपवर दोन्ही बिलं बरोबर.

दुपारपर्यंत मी क्वेरी तपासत बसलो होतो. कारण निघालं प्रॉक्सीत. प्रॉक्सीचं फोल्डर मी सगळ्या रिलीजमध्ये सामायिक ठेवलं होतं, अपलोडच्या आणि लॉगच्या फोल्डरशेजारी, कारण त्यालाही लिहायची परवानगी लागायची. सेटिंग 'नसेल तर बनव'. ग्राहकाची प्रॉक्सी फाईल मार्च महिन्यातली तिथे होतीच, म्हणून नवीन बनली नाही. त्या जुन्या तोतयाला जीएसटीची नवी मेथड ठाऊकच नव्हती. म्हणून ती मेथड हाकारली की 'आधी भरून घे' ही तपासणी न होता थेट मूळ क्लासमधली मेथड चालायची, आणि न भरलेल्या वस्तूतून (ऑब्जेक्टमधून) रिकामा क्रमांक यायचा. मोठ्या बिलावर आधी ग्राहकाचं नाव छापलं जायचं. नावाची मेथड जुन्या प्रॉक्सीत होती, तिने वस्तू भरून घेतली, मग जीएसटी क्रमांकही मिळायचा. छोट्या बिलावर जीएसटी क्रमांक सगळ्यात वर होता. त्याआधी कुणीच वस्तू भरलेली नसायची. नमुना बदलला होता, कार्डांची माळ जुनी होती.

नशीब, की तिथे नुसती जागा कोरी राहिली आणि ती कुणाच्या तरी नजरेत आली. त्याच चुकीचं दुसरं रूप निदान ओरडून सांगतं: एंटिटीच्या मेथडला परताव्याचा प्रकार घातलास आणि प्रॉक्सी जुनी राहिली, तर दोघींची घोषणा जुळत नाही आणि पीएचपी थेट फेटल एरर देतं. मला ओरडणारी चूक केव्हाही परवडते. गप्प राहून चुकीचं बिल छापणारी नको.

'मग रूप ४ घ्यावं, ते तारीख बघतं' असं म्हणशील. ते फायलींच्या बदलाच्या वेळेवर भरवसा ठेवतं. तू आरसिंकने (फायली कॉपी करायच्या कमांडने) मूळ वेळा जपून फायली चढवल्यास, किंवा अर्काइव्ह उलगडलास, तर एंटिटीच्या फाईलची वेळ तुझ्या लॅपटॉपवरची, प्रॉक्सीची वेळ सर्व्हरवरची. सोमवारी एंटिटी बदलली, मंगळवारी सर्व्हरवर काही कारणाने जुन्याच एंटिटीवरून प्रॉक्सी बनली, बुधवारी डिप्लॉय केलं. प्रॉक्सी 'नवी' दिसते, म्हणून ती तशीच राहते. लॅपटॉपवर हे रूप वापर, तिथे ते १ पेक्षा चांगलं आहे. प्रॉडक्शनवर ०, म्हणजे कधीच नाही.

०वर ठेवायचं तर डिप्लॉयचा क्रम पक्का हवा. प्रत्येक रिलीजला स्वतःचं वेगळं फोल्डर. त्यात कोड आण, कंपोझरने (पीएचपीच्या लायब्ररी आणणाऱ्या साधनाने) डेव्हलपमेंटची पॅकेजेस वगळून लायब्ररी बसव, मग डॉक्ट्रिनची प्रॉक्सी तयार करायची कमांड चालव, आणि त्या प्रॉक्सी त्याच रिलीजच्या पोटात राहू देत. नंतर डेटाबेसचे बदल, मग 'करंट' नावाची लिंक नव्या रिलीजकडे वळव आणि पीएचपी-एफपीएम रीलोड कर. काही बिघडलं तर लिंक मागे फिरवली की जुन्या कोडबरोबर जुन्याच प्रॉक्सी परत येतात. सामायिक फोल्डरमध्ये हे शक्यच नव्हतं.

यातला रीलोड विसरू नकोस. ओपीकॅशला 'फायलींच्या वेळा तपासू नको' असं सांगितलं असेल, आणि प्रॉडक्शनवर बरेच जण सांगतात, तर त्याच मार्गावरची फाईल बदलूनही मेमरीत जुनीच राहते. आणखी एक कॅश असते, मॅपिंगच्या माहितीची, म्हणजे कुठला क्लास कुठल्या टेबलाशी जुळतो त्याची. ती रेडिससारख्या (मेमरीत डेटा ठेवणाऱ्या सर्व्हरसारख्या) बाहेरच्या जागी ठेवली असेल तर ती डिप्लॉयनंतरही जिवंत राहते, नव्या कोडला जुनं मॅपिंग पुरवते. तिच्या नावापुढे रिलीजचा क्रमांक जोड किंवा डिप्लॉयमध्येच ती साफ कर.

कमांड कुठल्या युजरने चालवतोस तेही बघ. सुडो लावून रूटने (सर्वाधिकारी युजरने) चालवली की फायली रूटच्या मालकीच्या होतात. ०वर असताना वेब सर्व्हरला त्या फक्त वाचायच्या आहेत, तेव्हा वाचायची परवानगी पुरे. डिप्लॉयसाठी वेगळा युजर ठेव, वेब सर्व्हरचा वेगळा, आणि वेब सर्व्हरला लिहायची मुभा फक्त अपलोड आणि लॉगच्या फोल्डरात.

बिल्ड वेगळ्या मशीनवर करणार असशील, समजा कंटेनरची इमेज (अ‍ॅप आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेला गठ्ठा) बांधणार असशील, तर एक ठेच हमखास लागते. प्रॉक्सी बनवायला डेटाबेसमधला डेटा लागत नाही, पण मॅपिंग वाचताना डॉक्ट्रिनला समोर मायएसक्यूएल आहे की पोस्टग्रेस, आणि कुठली आवृत्ती, हे कळायला हवं असतं. कॉन्फिगरेशनमध्ये सर्व्हरची आवृत्ती लिहिलेली नसेल तर ते विचारण्यासाठी ते डेटाबेसशी जोडायला जातं, बिल्ड मशीनवर डेटाबेस नसतो, आणि कमांड पडते. आवृत्ती लिहून टाक, तक्रार संपते.

गिटचं विचारलंस. नको. एंटिटीत बदल करून प्रॉक्सी कमिट करायची राहिली की पुन्हा तीच जुनी माळ, आणि दोघांच्या ब्रँच जोडताना कुणी न लिहिलेल्या कोडवरून भांडण. मात्र आपल्याकडे अजून कितीतरी गिऱ्हाईकं अशा होस्टिंगवर आहेत जिथे टर्मिनल मिळत नाही, फक्त एफटीपीने फायली चढवायच्या. तिथे रिलीज तुझ्या मशीनवर पूर्ण बांध, प्रॉक्सीसकट, आणि तो गठ्ठा चढव. तेही नव्या फोल्डरात, चालू फायलींवर फाईल टाकत बसू नकोस. एफटीपी मध्येच तुटला तर निम्मा नवा कोड आणि निम्म्या जुन्या प्रॉक्सी अशी खिचडी होते.

रूप ३, मेमरीत बनवणारं, मी प्रॉडक्शनवर कधी ठेवत नाही. प्रत्येक रिक्वेस्टला कोड नव्याने बनतो आणि ओपीकॅश तो साठवत नाही. डिस्कवर लिहिताच येत नाही आणि रात्री अकरा वाजता काहीतरी चालू करायचंच आहे, एवढ्यापुरतं ते बरं.

डिप्लॉय झाल्यावर नुसतं लॉगिनचं पान उघडून 'चाललं' म्हणू नकोस. तिथे प्रॉक्सी लागतच नाही. जिथे ऑर्डरवरून ग्राहकाकडे जावं लागतं असं पान उघड, आणि क्रॉनचं एखादं कामही हाताने चालवून बघ. प्रॉक्सी फायलींची संख्या एंटिटींपेक्षा थोडी कमी आली तर घाबरू नकोस, अ‍ॅब्स्ट्रॅक्ट आणि एम्बेडेड क्लासच्या प्रॉक्सी बनत नाहीत.

तुझ्या कोडमध्ये लॉगिन झालेला युजर सेशनमध्ये अख्खा ठेवलेला असेल तर तेही काढ. वस्तू प्रॉक्सी असेल तर सेशनमध्ये प्रॉक्सीच्याच क्लासचं नाव जातं. ती परत उघडताना तो क्लास सापडला नाही तर हाती अपुरी वस्तू येते, आणि सापडला पण आतली फील्ड बदललेली असली तर त्याहून वाईट. सेशनमध्ये आणि रांगेतल्या कामांत फक्त आयडी ठेवावा. तसंच वस्तूच्या क्लासचं नाव थेट 'ग्राहक'शी ताडून बघणारा कोड प्रॉक्सीपुढे फसतो. 'इन्स्टन्सऑफ' वापर.

पुढे हे सगळं हलकं होणार आहे, हेही सांगून ठेवतो. पीएचपी ८.४, जी नोव्हेंबर २०२४मध्ये आली, तिच्यात उशिरा भरल्या जाणाऱ्या वस्तूंची सोय भाषेतच आहे. डॉक्ट्रिन ओआरएम ३.४पासून ती वापरता येते, एक सेटिंग चालू करावं लागतं. मग वस्तू तुझ्याच खऱ्या क्लासची असते, प्रॉक्सीची फाईल लागत नाही, फोल्डर नाही, परवानगी नाही. फायनल क्लासही (ज्यांच्यावरून दुसरा क्लास काढता येत नाही) चालतात, जे जुन्या पद्धतीत जमत नव्हतं. नुसतं ओआरएम ३वर गेल्याने मात्र फायली संपत नाहीत, पीएचपीही ८.४ हवी. पण तुझा प्रोजेक्ट २वर आहे आणि निर्यातीच्या ऑर्डरी चालू आहेत. एवढ्याचसाठी आत्ता ती उडी मारू नकोस. वर सांगितलेला बदल दोन तासांचा आहे, तो आधी कर.

आज रात्री दुसरी पाळी सुटल्यावर बस. फोल्डरचा पूर्ण मार्ग दे, सेटिंग ०वर आण, प्रॉक्सी रिलीजमध्ये बनव, एफपीएम रीलोड कर. मग टेम्पमधल्या जुन्या प्रॉक्सी फायली हाताने पुसून टाक, म्हणजे चुकून त्यांच्याच जिवावर चालत असेल तर लगेच कळेल. मालकांना सांगून सर्व्हर एकदा स्वतःच रीबूट कर, लाईट जायची वाट बघू नकोस. ऑर्डरचं पान, चलन आणि रात्रीचा स्टॉक रिपोर्ट, तिन्ही तपास. 'प्रॉक्सी फाईल सापडली नाही' ही ओळ लॉगमध्ये पुन्हा दिसलीच तर तिच्यातला फाईलचा पूर्ण मार्ग आणि त्या फोल्डरची मालकी कुणाकडे दिसते ते मला पाठव.